स्पंज, फॅटी ॲसिड्स आणि उर्से टोलनाका

परवा शनिवारी अलिबागला निघालो आणि उर्से टोलनाक्यावर अडकलो. फास्टॅग आलं तरी रांग ती रांगच! मागच्या सीटवर माझी मावसबहीण होती. ती गोव्यात समुद्री स्पंजांतल्या फॅटी ॲसिड्सवर पीएचडी करतेय. गाडी हलेना तेव्हा एका मित्राने तिला विचारलंच, "पण याचा उपयोग काय?"

ती नुसती हसली. चिडलो मी.

तिचं काम काय, ते मलाही घाटात पोचेपर्यंत धड माहीत नव्हतं म्हणा. आपल्या शेंगदाणा तेलात बहुतेक 16 नाहीतर 18 कार्बनच्या साखळ्या असतात. स्पंजांत त्या 24 ते 30 पर्यंत जातात, आणि दुहेरी बंध बऱ्याचदा पाचव्या आणि नवव्या कार्बनपाशी. स्पंज क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये भिजवून चरबी काढायची, तिचे मिथाइल एस्टर करायचे, गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये ते वेगळे करायचे आणि मास स्पेक्ट्रोमीटरने ओळखायचे. पण गंमत अशी, की यंत्रात इलेक्ट्रॉनचा मारा झाला की दुहेरी बंध साखळीवर इकडेतिकडे सरकतो. म्हणजे बघायला गेलं की जागा बदलणारा बग! मग त्याच ॲसिडचं पायरोलिडाइड करतात. त्यातला नायट्रोजन विद्युतभार स्वतःकडे धरून ठेवतो, आणि साखळीचे जे तुकडे पडतात त्यांवरून बंधाची मूळ जागा वाचता येते. चक्क लॉग स्टेटमेंट टाकल्यासारखं. फांद्या असलेली ॲसिड्स दिसली तर ती बहुधा स्पंजाची नाहीतच, त्याच्या पोटातल्या जिवाणूंची. घरमालकाच्या तेलात भाडेकरूंची यादी.

आता उपयोग. येल विद्यापीठातले वर्नर बर्गमन समुद्री प्राण्यांच्या चरबीतले पदार्थच तपासत होते. फ्लोरिडाकडच्या एका स्पंजात त्यांना भलतेच स्फटिक मिळाले. ते न्यूक्लिओसाइड निघाले, पण रायबोजच्या जागी अरॅबिनोज ही साखर असलेले. हे 1950-51 मधलं. त्या नमुन्यावरून पुढे प्रयोगशाळेत सायटाराबिन बनवलं गेलं, आणि 1969 मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रक्ताच्या कर्करोगावर ते आजही देतात. बर्गमनना 1945 मध्ये कुणी "उपयोग काय?" विचारलं असतं, तर काय सांगणार होते बिचारे?

प्रत्येक स्पंजातून औषध निघत नाही, हे मान्य. बहुतेकांतून नाहीच निघत. पण कुठल्यातून निघेल ते आधी कळत नाही, म्हणून सगळेच तपासायला कुणीतरी पगारावर असावं लागतं. आम्ही एका बटणाचा रंग ठरवायला तीन मीटिंगा घेतो, तेव्हा उपयोग कोण विचारतं?

असो. खोपोलीला वडापाव खाताना ती हळूच म्हणाली, "दादा, फेलोशिप मार्चमध्ये संपतेय. तुझ्या कंपनीत डेटा ॲनालिस्टसाठी रेफर करशील?"

रेझ्युमे रविवारी रात्रीच आला. चांगला आहे, लगेच घेतील. उद्या पुढे पाठवीन, कारण घरभाडं तिला भरायचंय, मला नाही. आज मात्र तो उघडून नुसता बसलोय.