तडजोडीची किंमत कोणी मोजली?

अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची कथा सांगणारा '१७७६' हा संगीतपट १९७२ मध्ये पडद्यावर आला. शर्मन एडवर्ड्स व पीटर स्टोन यांच्या १९६९ मधील संगीतिकेवर तो आधारलेला आहे. राष्ट्रपुरुषांना चौथऱ्यावरून खाली उतरवून फिलाडेल्फियाच्या उकाड्यात भांडणारी, हट्टी, हिशेबी माणसे म्हणून तो उभे करतो, हे त्याचे निःसंशय श्रेय होय. राष्ट्र हितसंबंधांच्या झगड्यातून आकाराला येते, ही गोष्ट त्याने लपविलेली नाही.

सत्ताधाऱ्यांना नेमके हेच झोंबले. मालमत्ताधारी सभासद संथ नृत्याच्या तालावर आपल्या सावधपणाचे गोडवे गात उजवीकडेच सरकत राहतात, असे एक गीत मूळ संगीतिकेत आहे. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या इच्छेवरून निर्माते जॅक वॉर्नर यांनी ते चित्रपटातून गाळले. पुढे ते पुन्हा जोडण्यात आले. दोनशे वर्षांपूर्वीच्या जमीनदारांची थट्टाही विसाव्या शतकातील सत्तेला सोसवली नाही, यातच त्या गीताचे मर्म आहे.

परंतु चित्रपटाचा खरा कस गुलामगिरीच्या प्रश्नावर लागतो. जेफर्सन यांच्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराचा धिक्कार करणारा परिच्छेद होता. तो वगळल्याखेरीज दक्षिणेकडील वसाहती स्वातंत्र्याला मत देणार नाहीत, असा पेच चित्रपट रचतो. दक्षिण कॅरोलिनाचा रटलेज उत्तरेच्या व्यापाऱ्यांनाही या पापातील भागीदार ठरवतो. हा प्रसंग विलक्षण प्रभावी आहे. अखेर फ्रँकलिन तडजोडीचा सल्ला देतात, परिच्छेद खोडला जातो आणि राष्ट्र जन्मते. शोकात्म, पण अटळ, असा त्याचा सूर आहे.

इतिहासाचा क्रम मात्र निराळा आहे. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै रोजी मंजूर झाला. परिच्छेद त्यानंतरच्या चर्चेत वगळला गेला. दक्षिण कॅरोलिना व जॉर्जिया यांच्या विरोधाबरोबरच उत्तरेतील काहींचा संकोचही त्याला कारणीभूत होता, असे जेफर्सन यांनीच नमूद केले आहे. म्हणजे तो मताचा मोबदला नव्हता. दोन्हीकडच्या नफ्याची ती समजूत होती. चित्रपटातील जेफर्सन आपले गुलाम मुक्त करण्याचा निश्चय बोलून दाखवतात. प्रत्यक्षात त्यांनी आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे मालकीत ठेवली आणि त्यांपैकी मोजक्यांनाच मुक्त केले.

तडजोड राजकारणात निषिद्ध नाही. परंतु ती कोणाच्या वतीने आणि कोणाच्या जिवावर होते, हा प्रश्न प्रत्येक कार्यकर्त्याने विचारला पाहिजे. फिलाडेल्फियाच्या त्या सभागृहात ज्यांचा सौदा झाला, त्यांच्यापैकी एकालाही आसन नव्हते. 'आज एकी, न्याय उद्या' असे ठरविणाऱ्यांना उद्याची वाट पाहावी लागत नाही. ती इतरांनाच पाहावी लागते. येथे ती १८६५ पर्यंत, रक्तरंजित यादवीतून, पाहावी लागली.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकन जनतेला अर्पण केला, तो जाहीरनाम्यावर सह्या केल्याबद्दल नव्हे, तर गुलामांच्या मुक्तीसाठी केलेल्या त्यागाबद्दल. राष्ट्राचा जन्मदिवस कोणता मानावा, याचे उत्तर त्या अर्पणपत्रिकेत चित्रपटापेक्षा अधिक स्पष्ट आहे.