विश्लेषण : औषधाचे ‘नॅनो’ वाहन गाठीपर्यंत खरेच पोहोचते का?

कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल हे औषध पाण्यात जवळपास विरघळत नाही. म्हणून जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनमध्ये ते एरंडेल तेलापासून बनवलेल्या द्रावकात आणि अल्कोहोलमध्ये मिसळतात. या द्रावकाचीच काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते. ती टाळण्यासाठी आधी स्टिरॉइड द्यावे लागते. म्हणजे काही त्रास औषधाचा नसून त्याच्या वाहनाचा असतो. हे वाहन बदलण्याचा एक मार्ग म्हणजे पॉलिमरचे नॅनोकण.

कण तयार कसे होतात?

त्यासाठी ‘पीएलजीए’ हे पॉलिमर सर्रास वापरले जाते. शस्त्रक्रियेतील आपोआप विरघळणारे टाके याच घराण्यातले. पॉलिमर आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळवून ते मिश्रण ढवळत्या पाण्यात थेंबथेंब सोडतात. पॉलिमर पाण्यात विरघळत नसल्याने औषध पोटात घेऊन त्याचे कण बनतात आणि ॲसिटोन उडून जाते. हे कण साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे असतात. केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर. शरीरात पॉलिमरचे लॅक्टिक व ग्लायकोलिक आम्लात विघटन होते आणि औषध हळूहळू सुटते.

अडते कुठे?

रक्तातले असे परके कण यकृत आणि प्लीहा टिपून घेतात. त्यांना चकवण्यासाठी कणांवर ‘पीईजी’चे आवरण चढवण्याचा मार्ग अमेरिकेतील रॉबर्ट लँगर यांच्या गटाने १९९४ मध्ये दाखवला. मात्र २०१६ मध्ये दहा वर्षांतील प्राण्यांवरील प्रयोगांचा आढावा घेतला गेला, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोहोचणाऱ्या कणांचे मध्यक प्रमाण अवघे ०.७ टक्के निघाले. त्याच वर्षी याच तंत्रावर उभी राहिलेली अमेरिकेतील ‘बाइंड थेरप्युटिक्स’ कंपनी दिवाळखोरीत गेली. शिवाय बीकरमध्ये जमलेला आकार कारखान्याच्या टाकीत प्रत्येक बॅचला तसाच ठेवणे अवघड असते.

मग रुग्णाने काय पाहावे?

तंत्र निरुपयोगी नाही. पॅक्लिटॅक्सेलच्या पॉलिमर आवृत्तीला दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मान्यता दिली. तिच्यात एरंडेलाचे द्रावक नाही. पण ‘नॅनो’ हा शब्द आकार सांगतो, गुण नाही. भारतात नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे २०१९ मध्ये आली. त्यांचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचायला हवा. घरातले दागिने मोडून उपचार करणाऱ्या कुटुंबाला दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळायलाच हवीत : त्रास किती कमी होईल? आयुष्य किती वाढेल? उत्तर फक्त पहिल्याचेच असेल, तर किंमत सांगतानाच तेही सांगितले पाहिजे.