हट्टीला जाऊन आल्यावर

वाचकहो, घरातल्या वृद्धाची शुश्रूषा करणाऱ्याने वर्षातून दोन दिवस तरी घराबाहेर काढावेत, असे मी या पानावर अनेकदा लिहिले आहे. लिहिणे सोपे असते. माझा शाळासोबती ते वाचून हसत असे आणि सोडून देत असे. त्याचे वडील, आम्हा सर्वांचेच आप्पा, एक्याऐंशी वर्षांचे. श्वासाच्या त्रासाने बेजार. आई गेल्यापासून आप्पांची औषधे, पथ्य, रात्रीचे उठणे-बसणे सारे या मित्राकडेच. चार वर्षांत त्याने एकही रात्र घराबाहेर काढलेली नव्हती. यंदा सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा उरकल्यावर आम्ही तिघांनी त्याला जवळजवळ उचलूनच गाडीत बसवले.

बार्शीची बहीण दोन दिवसांसाठी राहायला आली होती. तिच्यासाठी त्याने एक कागद लिहून भिंतीवर चिकटवला. कोणता पंप केव्हा आणि किती वेळा ओढायचा, रात्री पाठीशी किती उशा लावायच्या, बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेला तर प्रथम कोणाला फोन करायचा, सगळे मोठ्या अक्षरांत. घर सोडण्याचे धैर्य ज्यांना होत नाही त्यांनी असा कागद करून पाहावा. भीती निदान निम्मी होते.

जायचे कोठे, हे आमच्यातल्या इतिहासाच्या मास्तरांनी ठरवले. जानेवारीत सोलापूरकर शिवारात हुरड्याला जातात. आम्ही निघालो हट्टीला. मराठी माणसाला हे नाव ऐकून हसू येते, पण कानडीत हट्टी म्हणजे वस्ती, पाडा. रायचूर जिल्ह्यात, लिंगसूर तालुक्यातले हे सोन्याच्या खाणीचे छोटेसे गाव. टाकळीला भीमा ओलांडायची, विजयपूर, मुद्देबिहाळ, मग कृष्णा ओलांडली की दोन नद्यांमधला तो प्रसिद्ध दोआब लागतो. बहमनी आणि विजयनगर पिढ्यान्‌पिढ्या ज्यासाठी झुंजले, तोच हा मुलूख. वाटेतल्या मुद्गलचा किल्ला दाखवताना मास्तरांनी फिरिश्त्याने लिहून ठेवलेली, एका सोनाराच्या मुलीपायी पेटलेल्या युद्धाची कथा रंगवून सांगितली. आमचे बँकवाले मित्र मधुमेही आहेत. किल्ला पाहण्याच्या भरात त्यांनी सकाळची गोळी घेतली आणि जेवण मात्र लांबवले. दीडच्या सुमारास त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. आधी साखर, मग कडक भाकरी आणि शेंगाचटणी देऊन त्यांना सावरले. प्रवासात मधुमेह्याने जेवणाची वेळ चुकवू नये, हे मी आपणांस पुन्हा सांगत नाही. त्यांना मात्र दोन दिवस सांगत होतो.

हट्टीत पर्यटकाला पाहण्यासारखे असे फार काही नाही. खाणीत उतरण्याची परवानगी आमच्याकडे नव्हती. बाहेरून दिसतात ते विवराच्या तोंडावरचे उंच लोखंडी मनोरे, दगडाच्या भुकटीचे करडे डोंगर, कामगारांच्या वसाहती आणि पाळी सुटली की चहाच्या टपऱ्यांवर होणारी गर्दी. तरीही गाव मनात राहते. निजामाच्या राज्यात 1947 साली येथे हैदराबाद गोल्ड माइन्स ही कंपनी निघाली; ती आता कर्नाटक सरकारची आहे. 2001 मध्ये कोलारच्या खाणी बंद पडल्यावर देशात सोने काढणारे मुख्य ठिकाण हेच उरले. पण खाणकाम येथे कंपनीच्या कितीतरी शतके आधीपासून आहे. दगडाला आगीने तापवायचे, वर पाणी ओतून तडकवायचे आणि तुकडे वर न्यायचे, अशा रीतीने प्राचीन माणसे येथे सहाशे फुटांहून खोल गेली होती. टनभर दगड फोडावा तेव्हा हाती येते ते काही ग्रॅम सोने. दुसऱ्या दिवशी जवळच्या मस्कीला गेलो. तेथील शिलालेखात ‘देवानांप्रिय’ या बिरुदाबरोबर अशोकाचे नावही कोरलेले आहे. 1915 साली तो लेख सापडला तो सोने शोधत हिंडणाऱ्या बीडन नावाच्या खाण-अभियंत्याला. मास्तर त्या दगडापुढे बराच वेळ नुसते उभे होते.

मला सांगायचे आहे ते मात्र पहिल्या दिवशी संध्याकाळी घडले. टपरीवर आमच्या बाकाशेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते. दोन वाक्ये बोलली की थांबत, ओठ आवळून श्वास सोडत. डॉक्टरची खोड जात नाही. मी कानडीतून विचारले, “यजमान, दम किती दिवसांपासून लागतो?” त्यांनी दिवस सांगितलेच नाहीत. बोटे मोडत त्यांनी आपली नोकरी सांगितली: तीन वर्षे दगडाच्या खाणीत, चार वर्षे खडी फोडायच्या क्रशरवर, मग भूगर्भात, मग वर भांडारात. “कामाचे आधी सांगायचे,” ते म्हणाले, “मग खोकल्याचे. आमच्या इथे डॉक्टर तेच आधी विचारतात.” त्यांना नेमका कोणता आजार होता, मला ठाऊक नाही. चहाच्या बाकावर निदान करू नये. पण त्यांनी सांगण्याचा जो क्रम लावला, तो माझ्या दवाखान्यात कधीच नव्हता.

रात्री खोलीवर दिवा मालवल्यावर मित्र म्हणाला, “आप्पा गिरणीत ब्लो रूमला होते. चोवीस वर्षं. मी तुला कधी सांगितलं नाही.”

“नाही.”

“तूही विचारलं नाहीस.”

आप्पा गिरणीत होते, हे मला माहीत नसेल कसे? लहानपणी मित्राबरोबर त्यांचा डबा पोचवायला मी गिरणीच्या फाटकापर्यंत गेलो आहे. पण गिरणी सुटल्यावर आप्पा शाळेत शिपाई झाले, आणि मी त्यांची फाइल उघडली तेव्हा व्यवसायाच्या रकान्यात ‘निवृत्त शिपाई’ एवढेच लिहिले. कोणते खाते, हे अठरा वर्षांत विचारले नाही. खाली ‘दमा’ लिहिले आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

कापसाच्या गाठी फोडून कापूस पिंजला जातो, तेथे गिरणीतली सर्वांत अधिक धूळ असते. ती वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा विकार होतो. त्याची सुरुवात विलक्षण असते. सुट्टीनंतर कामावर जाण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते. पुढच्या दिवसांत बरे वाटते. मग त्रासाचे दिवस वाढत जातात आणि शेवटी श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. एक्स-रेवर याची अशी वेगळी खूण उमटत नाही. खूण असते ती माणसाच्या सांगण्यात. दगडाच्या धुळीचा सिलिकोसिस निराळा: तो एक्स-रेवर दिसतो, पण क्षयासारखा भासू शकतो, धुळीशी संबंध तुटल्यावरही वाढत राहतो, त्याला उतारा नाही आणि अशा माणसाला क्षयाचा धोकाही अधिक असतो. आपल्या देशात तो प्रथम नोंदला गेला तोही सोन्याच्याच खाणीत, कोलारला. आणि डॉक्टराने रुग्णाला त्याचा धंदा विचारावा, हे रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने 1700 साली ग्रंथात लिहून ठेवले होते. एमबीबीएसला असताना मी त्याच्यावरचा प्रश्न बरोबर सोडवला होता.

परतल्यावर आप्पांपुढे बसलो आणि पहिल्या नोकरीपासून विचारत गेलो. पाऊण तास ते बोलत होते, मध्ये मध्ये दम घेत. सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छातीवर कोणीतरी बसल्यासारखे व्हायचे, हे त्यांनी मी न विचारता सांगितले. विडीही ओढत असत, ते खरेच. दोष एकट्या कापसाला देता येणार नाही. फुंकर-चाचणी करून घेतली, थुंकी तपासली. उपचारांत मोठी क्रांती झाली, असे मी म्हणणार नाही. पंप जवळपास तेच राहिले. पोटातून घ्यायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या मी दर हिवाळ्यात सढळ हाताने देत असे, त्यांना लगाम बसला. फ्लू आणि न्यूमोनियाची लस राहून गेली होती, ती दिली.

पण सर्वांत महत्त्वाचे माझ्या डोळ्यांसमोरच होते. मित्राच्या घराच्या पुढच्या भागात टॉवेलचे चार यंत्रमाग आहेत. आप्पांची खुर्ची त्या मागांजवळ. दिवसभर ते तेथे बसत, सुताचा तूस उडत असे. घरी तपासायला गेलो की त्या खुर्चीपाशीच मी त्यांची नाडी पाहत आलो होतो.

आपल्या घरी ज्येष्ठ मंडळींना धाप लागत असेल, तर एक काम करावे. त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर, वयाच्या पंधराव्या वर्षापासून त्यांनी केलेली सारी कामे वर्षांसह लिहावीत. गिरणी असेल तर खाते लिहावे. खडी, दगड घडवणे, पिठाची चक्की, ओतशाळा, रंगकाम. घरी बसून विड्या वळणाऱ्या आईंची तंबाखूची धूळ आणि चुलीपुढची वर्षेसुद्धा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी ते पान पुढे करावे. सूक्ष्म धुळीत दिवस काढलेल्या माणसाला दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल तर थुंकीची तपासणी टाळू नये. घरात केर काढताना कोरडा झाडू न फिरवता ओल्या फडक्याने पुसावे.

आप्पांची खुर्ची आता मागच्या सोप्यात आहे, हवेशीर जागी. ते नाराज आहेत. मागांचा आवाज ऐकू आला नाही तर दिवस उगवल्यासारखा वाटत नाही, असे मला सुनावतात. तोड एवढीच निघाली की सुट्टीच्या दिवशी माग बंद असतात, तेव्हा मित्र सारे ओल्या फडक्याने पुसून घेतो आणि खुर्ची पुन्हा पुढे नेतो. परवा मी गेलो तेव्हा आप्पा बंद मागाशेजारी बसून मला ब्लो रूमच्या यंत्राचे भाग समजावून सांगत होते.