व्यवहारदृष्टी : मेळ न जुळणारा संगणक

एका धान्यव्यापाऱ्याच्या पेढीवरील जुना संगणक वरचेवर बंद पडू लागला, तेव्हा महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या मुलाने सुटे भाग आणून नवा संगणक घरीच जोडण्याचे ठरविले. तयार संच घ्यावा, असे वडिलांचे मत होते. तथापि मुलाच्या उत्साहाला त्यांनी मोडता घातला नाही. शनिवारी सायंकाळी जोडणी पूर्ण झाली. मुलाने बटण दाबले. पंखा हलला नाही, दिवाही लागला नाही. जीएसटीआर-३बी विवरण भरण्याची २० तारीख तीन दिवसांवर आली होती.

मुलाने तत्काळ विक्रेत्याला दूरध्वनी केला आणि ‘मदरबोर्ड खराब दिलात, आमची फसवणूक केलीत’ असे चार कठोर शब्द ऐकविले. जवळच बसलेले आजोबा ते ऐकत होते. संगणकाचे ज्ञान त्यांना नव्हते. परंतु त्यांचे आयुष्य रोजमेळ लिहिण्यात गेले होते.

“मेळ जुळला नाही, तर वही विकणाऱ्याला दोष देतात का?” त्यांनी विचारले. “आम्ही आधी फरक पाहत असू. फरकाला ९ ने भाग गेला, तर ६३ च्या जागी ३६ लिहिले गेले असावे, असा कयास बांधत असू. फरकच चुकीची जागा सांगतो. तुझे यंत्र काय सांगते?”

यंत्र काहीच हालचाल करीत नव्हते. म्हणजे वीज आत पोहोचत नव्हती किंवा बटणाचा आदेश पोहोचत नव्हता. भिंतीवरील सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून पाहिला, वीज होती. पॉवर सप्लायच्या मागील बाजूचा खटकाही चालू होता. मग वायर भिंतीतून काढून मुलाने २४ पिनांची मुख्य जोडणी दाबून पाहिली. ती घट्ट होती. शेवटी माहितीपुस्तिका उघडून बटणाची बारीक वायर तपासली, तेव्हा ती शेजारच्या ‘रीसेट’च्या दोन पिनांवर बसलेली आढळली. ती योग्य जागी लावताच पंखे फिरू लागले. पडदा मात्र काळाच राहिला.

मुलगा हिरमुसला. आजोबा म्हणाले, “फरक बदलला आहे. म्हणजे एक चूक मिळाली, दुसरी उरली आहे. मिळालेली दुरुस्ती आता मोडू नकोस.”

मदरबोर्डवर प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट यांचे चार बारीक दिवे होते. त्यांपैकी प्रोसेसरचा दिवा स्थिर होता. पुन्हा वायर काढून पाहिले, तो प्रोसेसरला स्वतंत्र वीज देणारी ८ पिनांची जोडणी अर्धवटच बसली होती. ती ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबली. आता दिवा मेमरीवर गेला आणि तेथेच थांबला. मुलाचा हात खटक्याकडे गेला. परंतु नव्या डीडीआर-५ मेमरीला पहिल्या वेळी जुळवून घेण्यास काही मिनिटे लागू शकतात, असे पुस्तिकेत नमूद होते.

“सामायिकाला ४८ मिनिटे बसतोस, याला पाच तरी दे,” आजोबा म्हणाले. थोड्याच वेळात पडदा उजळला.

सर्वांना आनंद झाला. आजोबांनी मात्र एकच प्रश्न विचारला, “आणि त्या दुकानदाराचे काय?” मुलगा निरुत्तर झाला. प्रतिक्रमणात आपण अठरा पापस्थाने आठवतो; त्यांतील तेरावे अभ्याख्यान, म्हणजे खोटा आळ घेणे. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः दुकानात गेला आणि ‘चूक माझीच होती, मिच्छामि दुक्कडं’ असे म्हणाला. सोमवारी, १९ तारखेस, विवरण वेळेत भरले गेले.

ज्यांच्या घरी असा प्रसंग उद्भवेल, त्यांनी आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पडदा काळा असल्यास मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डालाच लावली आहे ना, हे पाहावे. काही प्रोसेसरांत चित्र दाखविण्याची सोयच नसते. मेमरीची एकच पट्टी पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत बसवून पाहावी. तेवढ्याने न भागल्यास वीज काढून बोर्डावरील नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवावी. त्यामुळे मूळ मांडणी परत येते. तरीही यश न आल्यास बोर्ड पेटीबाहेर कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवून अत्यावश्यक भागांनिशीच चालवून पाहावा. पेटीच्या पत्र्याला बोर्डाचा चुकीच्या जागी स्पर्श होत असल्यास तो दोष येथे उघड होतो. प्रत्येक वेळी एकच बदल करावा व तो कागदावर लिहावा. पॉवर सप्लायचा डबा मात्र कदापि उघडू नये. वीज काढल्यानंतरही त्यात घातक भार शिल्लक राहू शकतो.

हे सर्व करूनही यंत्र न चालल्यास विक्रेत्याकडे अवश्य जावे. तेव्हा हातात तपासणीचा कागद असावा आणि जिभेवर संयम. पेढीच्या हिशेबाची दुसरी प्रत मात्र यंत्र बिघडण्याआधीच काढून ठेवलेली असावी.