सोडलेली जागा

आमच्या बारामती-इंदापूर भागांत 'पाळी' ह्या शब्दाचें मोल लहान मुलासही कळतें. नीरा डाव्या कालव्याचें पाणी पाळीनें मिळतें. आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाटाकडे डोळे लावून बसलेला असतो, हें दृश्य आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें असेल. अशा वेळीं एखादा म्हणाला, "माझा ऊस दोन दिवस थांबेल, तुमचा मका वाळतो आहे, माझी पाळी तुम्ही घ्या," तर आपण त्याला थोर मनाचा म्हणतों. पण पाटकऱ्यानें न विचारतां त्याचें पाणी तोडलें, तर तो अन्याय होतो. पाणी तितकेंच, शेत तेंच. भेद केवळ विचारण्याचा.

हाच प्रश्न विमानतळावरही उभा राहतो. आपल्या भागांतील पुष्कळ लोक शिक्षणास वा नोकरीस पुण्याच्या लोहगांव विमानतळावरून जातात. कांहीं प्रवासी ऐन वेळीं येत नाहींत, हें अनुभवानें ठाऊक असल्यामुळें विमान कंपन्या कधीं कधीं आसनांहून अधिक तिकिटें विकतात. बहुधा हिशेब जुळतो. परंतु एखादे दिवशीं सर्वच येतात, आणि मग मागें कोणीं राहावें, हा प्रश्न पडतो.

अमेरिकेंत ज्युलियन सायमन ह्या अर्थशास्त्रज्ञांनीं १९६८ सालीं सुचविलें कीं, किती मोबदल्यावर कोण थांबेल, हें प्रवाशांसच विचारावें. प्रथम त्यांची थट्टा झाली. पुढें १९७२ सालीं राल्फ नेडर ह्या ग्राहकहिताच्या पुरस्कर्त्यांस तिकीट असूनही विमानांत घेतलें नाहीं, आणि तो खटला १९७६ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर १९७८ सालीं, स्वखुषीनें थांबणारे आधीं शोधावे, असा नियम तेथें झाला.

आपल्या देशांतही नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा तसाच नियम आहे. इच्छेविरुद्ध कोणास मागें ठेवल्यास, आणि एका तासाच्या आंत सुटणारें दुसरें विमान न दिल्यास, भरपाई द्यावी लागते. २०१६ सालच्या सुधारणेप्रमाणें, चोवीस तासांच्या आंत दुसरें विमान दिलें तर एकेरी मूळ भाडें व इंधन आकार ह्यांच्या दुप्पट, पण १०,००० रुपयांपर्यंत; त्याहून उशीर झाला तर चौपट, पण २०,००० रुपयांपर्यंत.

कोणी म्हणेल, "मोबदला घेतला, तर त्याग कसला ?" आम्हांस हा आक्षेप पटत नाहीं. ज्यानें एकच शेत दोघांस विकलें, त्यानें तोटा भरून द्यावा, ह्यांत घेणाऱ्यास लाज कशाची ? उलट, फुकट थांबणाऱ्याच्या चांगुलपणावर विकणाऱ्याची चूक झांकली जाते. सुटीसाठीं घरीं निघालेला विद्यार्थी एक रात्र थांबूं शकतो. आजारी वडिलांस भेटावयास निघालेली मुलगी थांबूं शकत नाहीं. तिच्यासाठीं त्यानें उठावें, आणि कंपनीकडून आपला मोबदलाही घ्यावा. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं योग्य आहेत.

मात्र उठण्यापूर्वीं विचारावें : पुढचें विमान नक्की कोणतें ? रात्रीच्या निवासाचें काय ? मोबदला रोख कीं पुढील प्रवासाची सवलत ? उत्तर लेखी घ्यावें, आणि इंदापुरास वाट पाहणाऱ्या आईस आधीं कळवावें. ज्याचें काम अडणार आहे, त्यानें मात्र संकोच न करतां नाहीं म्हणावें. तिकीट काढलेल्या माणसानें आपली जागा राखणें हा स्वार्थ नव्हे.

विद्यार्थिबंधूंनो, पाळी सोडावयाची ती आपल्या मनानें, शेजाऱ्याची गरज पाहून. ती दुसऱ्यानें काढून घेऊं लागल्यास, नम्रपणें पण ठामपणें नियम दाखवावा.