बाराशे रुपयांचा उंबरठा

भूतानमध्ये मुक्काम करणाऱ्या भारतीय पर्यटकाला माणशी, प्रत्येक रात्रीमागे १२०० रुपये 'शाश्वत विकास शुल्क' मोजावे लागते. भूतानच्या संसदेने यासंबंधीचा कायदा २०२० साली केला. त्याच वर्षी कोविडच्या साथीने सीमा बंद झाल्या आणि प्रत्यक्ष वसुली २३ सप्टेंबर २०२२ रोजी देश पुन्हा उघडल्यावर सुरू झाली. त्याआधी भारतीयांना असे कोणतेही शुल्क नव्हते. साहजिकच मध्यमवर्गीय घरांतून भूतान-सहलीचा विषय निघाला की एक तक्रार हमखास ऐकू येते. ज्या देशाला भारताने रस्ते बांधून दिले, वीजप्रकल्प उभारून दिले, ज्याच्या सैनिकांना प्रशिक्षण दिले, त्या देशाने भारतीयांकडूनच उंबरठा ओलांडण्याचे पैसे घ्यावेत? तक्रार स्वाभाविक आहे. परंतु ती चुकीची आहे, आणि ती का चुकीची हे ध्यानात आल्यावाचून भूतानला जाण्यात फारसे हशील नाही.

भूतानने परक्या पाहुण्यांसाठी दार उघडले ते १९७४ साली, चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने. त्या वेळी शेजारच्या नेपाळात पाश्चात्त्य भटक्यांचे तांडे उतरत होते. पाठीवर पिशवी टाकून, चार पैशांत महिनोन्महिने राहणाऱ्या या पाहुण्यांनी काठमांडूचे काय केले, हे भूतानी राज्यकर्त्यांना दिसत होते. त्यांनी पहिल्यापासूनच निराळा मार्ग धरला. पाहुणे थोडे यावेत, पण त्यांनी पुरेसे मोल द्यावे. दिवसाचा किमान खर्च सरकारने ठरवावा. मार्ग, मुक्काम, वाहन आणि गाइड आधी निश्चित व्हावेत, मगच प्रवेश मिळावा. खासगी गाइड घेऊन, आपल्यापुरती आखून घेतलेली सहल ही आज श्रीमंतांची चैन मानली जाते. भूतानात जाणाऱ्या युरोपीय वा अमेरिकी प्रवाशाला गेली अनेक दशके दुसरा पर्यायच नव्हता. फरक एवढाच की ती सहल पाहुण्याच्या लहरीने आखली जात नव्हती. तिची रेघ यजमान ओढत होता.

या व्यवस्थेत अपवाद होता तो भारतीयांचा. घरच्या माणसाला पावती कसली द्यायची, असा तो भाव होता. पुढे बागडोगऱ्याला उतरून जयगाव-फुन्शोलिंगमार्गे जाणे सोपे झाले, बसगाड्या भरभरून जाऊ लागल्या. २०१९ साली भूतानात सुमारे ३ लाख १५ हजार पर्यटक आले आणि त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक भारत व अन्य शेजारी देशांतले होते. २०१७ च्या जनगणनेनुसार त्या संपूर्ण देशाची लोकसंख्या ७ लाख २७ हजार, म्हणजे एकट्या सोलापूर शहराहूनही कमी. घरातल्या माणसांच्या निम्म्याने पाहुणे दरवर्षी येऊ लागले तर कोणती गृहिणी हिशेब मांडणार नाही?

आणि हिशेब तरी किती? आई-वडील, दहा वर्षांचा मुलगा आणि चार वर्षांची मुलगी असे कुटुंब सहा रात्री राहिले, तर मोठ्यांचे १४,४०० रुपये, मुलाचे निम्म्या दराने ३,६०० आणि मुलीचे काहीच नाही. एकूण १८ हजार. अमेरिकेतून आलेल्या अशाच जोडप्याला, मुले सोडूनही, रोजचे माणशी १०० डॉलर म्हणजे सहा रात्रींचे १,२०० डॉलर, लाखभर रुपये पडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये तर हा दर २०० डॉलर होता. पर्यटक फारच रोडावल्यावर वर्षभराने तो निम्मा करण्यात आला. भारतीयाचा भाव तेव्हाही १२०० रुपयेच राहिला. घरचेपण संपलेले नाही.

आता उपकाराच्या मुद्द्याकडे वळावे. १९५८ साली पंडित नेहरू भूतानला गेले तेव्हा तेथे गाडीरस्ताच नव्हता. नथुला ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यांवरून त्यांना पारो गाठावे लागले. पुढच्याच वर्षी तिबेट पेटला आणि तो मार्ग कायमचा बंद झाला. १९६१ मध्ये सीमा सडक संघटनेचा 'दंतक' प्रकल्प उभा राहिला आणि फुन्शोलिंग ते थिम्फू हा रस्ता डोंगर फोडून काढण्यात आला. त्या कामात दरडींखाली आणि दऱ्यांत कित्येक भारतीयांनी प्राण गमावले. परंतु तो रस्ता केवळ परोपकार होता काय? चुंबी खोरे ही सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यावर रोखलेली कट्यार आहे, हे २०१७ मध्ये डोकलामला भारतीय आणि चिनी सैनिक ७० हून अधिक दिवस समोरासमोर उभे राहिले तेव्हा अवघ्या देशाने पाहिले. ती जमीन भूतानची होती. चुखा आणि ताला प्रकल्पांची वीज भारतीय घरांत येते. देवाणघेवाण दोन्ही बाजूंची आहे. तिचा दाखला देऊन हॉटेलच्या खिडकीशी घासाघीस करणे शोभणारे नाही.

मराठी पर्यटकाच्या सवयीचाही येथे थोडा विचार व्हायला हवा. बस भरून जायचे, बरोबर आपलाच आचारी न्यायचा, परदेशातही सकाळी पोहे आणि रात्री वरण-भात, या पद्धतीने हजारो कुटुंबांना जग दाखवले, विशेषतः ज्या ज्येष्ठांनी एकट्याने कधी पाऊल बाहेर टाकले नसते त्यांना. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. पण चाळीस जणांच्या घोळक्यात स्थानिक गाइड हा गर्दी मोजणारा कारकून होतो. एका कुटुंबाबरोबर चालणारा गाइड वेगळा. गुडघ्यापर्यंतचा घो अंगात घातलेला हा तरुण शासनाचा परवाना घेतलेला असतो. थिम्फू-पारोच्या पलीकडे जायचे तर तो बरोबर हवाच. तो चोर्तेनला उजवी घालून चालायला शिकवतो. झोंगमध्ये शिरण्यापूर्वी डोक्यावरची टोपी काढायला सांगतो. तांबड्या भाताबरोबर मिरची-चीजची एमा दात्शी पुढे ठेवतो आणि पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी आले की हसतो. शाकाहारी माणसाची भूतानात उपासमार होत नाही, ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी ठाऊक नाही.

शिवाय प्रश्न उंचीचा आहे. महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर; पारोचा विमानतळच २,२०० मीटरच्या वर, आणि चेले ला ही खिंड ४,००० मीटरला टेकलेली. सहलीचा आराखडा करताना पहिला दिवस मोकळा ठेवावा, भरपूर पाणी प्यावे, पारो तक्तसांगची चढण शेवटच्या दिवसांत घ्यावी. १६९२ साली उभारलेला आणि १९९८ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेला हा मठ ३,१२० मीटरवर कड्याला चिकटला आहे. गुरू पद्मसंभव वाघिणीच्या पाठीवरून तेथे आले अशी श्रद्धा आहे. वाटेच्या मध्यापर्यंत घोडे मिळतात, पण उतरताना पायीच यावे लागते आणि मठाच्या तोंडाशी शेकडो पायऱ्या आहेत. सत्तरीतल्या आईचे गुडघे दुखत असतील तर तिला अर्ध्यावरच्या उपाहारगृहात बसवावे. मठ तेथूनही छान दिसतो. असा बदल खासगी सहलीत पाच मिनिटांत होतो, बसमधल्या सहलीत होत नाही.

थिम्फूहून पुनाख्याला जाताना सुमारे ३,१०० मीटरवर दोचुला खिंड लागते. तेथे १०८ चोर्तेन ओळीने उभे आहेत. स्वच्छ हवा असली की मागे हिमशिखरे दिसतात, म्हणून प्रत्येक गाडी थांबते आणि प्रत्येक जण छायाचित्र काढतो. हे चोर्तेन कशाचे आहेत, हे फार थोडे भारतीय विचारतात. उल्फा, एनडीएफबी आणि केएलओ या भारतविरोधी सशस्त्र संघटनांनी भूतानच्या दक्षिणेकडील जंगलांत तळ ठोकले होते. डिसेंबर २००३ मध्ये भूतानच्या छोट्याशा सैन्याने ते उद्ध्वस्त केले. राजे स्वतः रणभूमीवर होते. त्या कारवाईत मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ हे चोर्तेन राजघराण्याने बांधले. आसामातील रक्तपात थांबावा म्हणून शेजारच्या देशाने आपली माणसे गमावली, त्याची ही खूण आहे.

ऑक्टोबर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून मोटारसायकलवर गेलेल्या एका तरुणाने दोचुलाच्या चोर्तेनवर चढून छायाचित्र काढून घेतले. भूतानी पोलिसांनी त्याला चौकशीसाठी ताब्यात घेतले. त्याने माफी मागितली आणि प्रकरण मिटले, कारण यजमान समंजस होता. त्या तरुणाच्या मनात द्वेष असेल असे मानण्याचे कारण नाही. दगडी पायथा दिसला, तो चढला. नेमके हेच अधिक अस्वस्थ करणारे आहे. रायगडावर महाराजांच्या समाधीवर कोणी बूट घालून उभा राहिला असता तर महाराष्ट्राने काय केले असते? त्या तरुणाच्या शेजारी सांगणारा कोणी असता, तर तो चढला नसता. १२०० रुपये आणि गाइडचा नियम कशासाठी, याचे उत्तर त्या एका छायाचित्रात आहे.

मात्र यजमानाने आखलेल्या सहलीला एक मर्यादाही आहे, आणि ती झाकून भूतानचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. यजमान आपली ओसरी आणि देवघर दाखवतो. माजघर दाखवतोच असे नाही. 'सकल राष्ट्रीय आनंदा'च्या या देशाने १९८५ चा नागरिकत्व कायदा आणि १९८८ ची जनगणना यांच्या आधारे दक्षिणेतील नेपाळीभाषक ल्होत्साम्पांना परके ठरवले. त्यांतील बहुसंख्य हिंदू होते. सुमारे एक लाख लोक पूर्व नेपाळच्या छावण्यांत गेले, एक पिढी तेथेच वाढली आणि २००८ नंतर त्यांतील बहुतेक जण अमेरिका व अन्य देशांत विखुरले. आपली ओळख टिकवण्याची छोट्या राष्ट्राची धडपड समजू शकते. त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदलेल्यांना घराबाहेर काढणे समजू शकत नाही. जे मागे राहिले ते आजही दक्षिण भूतानात शेती करतात आणि दशैंची सार्वजनिक सुट्टी तेथे पाळली जाते. पर्यटकाने गाइडला या प्रश्नावर कोंडीत पकडू नये. त्याच्या पोटाचा प्रश्न आहे. पण जाण्यापूर्वी वाचून जावे.

या धोरणाची किंमत भूतानलाही मोजावी लागते आहे. २०२२ नंतर फुन्शोलिंग आणि थिम्फूमधील ज्या लहान हॉटेलांचा संसार भारतीय मध्यमवर्गावर चालत होता, त्यांची ओढाताण झाली. शिकलेले तरुण मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलियाची वाट धरत आहेत. चांगला गाइड घडायला काही वर्षे जातात आणि तोच विमानात बसतो. डिसेंबर २०२३ मध्ये राजे जिग्मे खेसर यांनी आसामच्या सीमेलगत गेलेफू येथे नवे नगर वसवण्याची घोषणा केली, तीही याच चिंतेतून. तरीही भूतानने दार सताड उघडलेले नाही. १९९४ पासून ६,००० मीटरवरील शिखरे आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद आहे. ७,५७० मीटरचे गांखर पुन्सुम अद्याप कोणी चढलेले नाही. देशाचा किमान ६० टक्के भाग वनाच्छादित राहिला पाहिजे, असे २००८ च्या राज्यघटनेतच लिहिलेले आहे. या शिखरांच्या परवान्यांतून किती डॉलर आले असते, याचा हिशेब थिम्फूत कोणाला करता येत नसेल असे नाही.

जाणाऱ्यांनी मतदार ओळखपत्र किंवा पारपत्र न्यावे. आधार कार्ड सीमेवर चालत नाही, आणि मुलांचा जन्मदाखला विसरला की सगळे कुटुंब जयगावलाच अडकते. परदेशीयांसाठीचा १०० डॉलरचा सवलतीचा दर ३१ ऑगस्ट २०२७ पर्यंत आहे. नंतर त्यांच्यासाठी आणि भारतीयांसाठी काय ठरेल, ते भूतान ठरवील. तक्तसांगच्या दारात मोबाइल आणि कॅमेरे बाहेरच्या कप्प्यांत ठेवावे लागतात. आत तुपाचे दिवे तेवत असतात, त्यांचे छायाचित्र कोणाच्याही संग्रही नसते.