मिठाची बरणी आणि बाईचा दोष



मूल मृत जन्मलं की पहिलं बोट बाईकडे वळतं. तिचं नशीब, तिचा पायगुण, तिनं मोडलेला उपास, सगळं निघतं. वस्तीत फिरताना हे आम्ही अनेकदा ऐकतो. तिच्या ताटातल्या मिठाची चौकशी मात्र कुणी करत नाही.

आयोडीन हे मूलद्रव्य १८११ साली कूर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला समुद्री शेवाळाच्या राखेत सापडलं. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी त्यापासून संप्रेरकं बनवते. ते कमी पडलं की गलगंड होतो. गरोदरपणी फारच कमी पडलं तर गर्भपात होऊ शकतो, मूल मृत जन्मू शकतं, किंवा त्याच्या मेंदूची वाढ खुंटते. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. प्रत्येक गर्भपातामागे हेच कारण असतं असं नाही. पण जे टाळता येतं, ते तरी टाळायला हवं ना?

कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठानं गलगंड घटतो हे दाखवलं. १९६२ साली सरकारी कार्यक्रम सुरू झाला. तरीही २००० साली केंद्रानं आयोडीनविरहित खाण्याच्या मिठावरची बंदी उठवली. ती परत यायला २००६ उजाडलं.

पाकिटावर हसऱ्या सूर्याचं चिन्ह बघा, बरणीचं झाकण घट्ट लावा. पण एवढ्यावर थांबू नका. योग्य मीठ दुकानात ठेवणं दुकानदाराचं काम आहे, ते तपासणं सरकारचं. तोही भार बाईच्याच डोक्यावर नको!